जिथे दम लागेल तिथे

इन्स्पेक्टर मुनसिफनी मला वीसपैकी अकरा गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं, 'वर्गातील मुलांना स्वल्पविराम माहीत नाही.' बावीस वर्षं चौथीला शिकवणाऱ्या बाईला अकरा! शिक्षकांच्या खोलीत तो कागद सगळ्यांनी वाचला आणि सगळ्यांनी न वाचल्यासारखं केलं. माझं नाव दलांदा. पोरं मागून मला टाचणी म्हणतात, आणि टाचणीला दुसऱ्याचं टोचलेलं सोसत नाही. मी तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी हा माणूस येईल तेव्हा माझ्या वर्गातलं शेंबडं पोरसुद्धा स्वल्पविराम देईल.

खोटं कशाला बोलू, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे पोरं बोलतात तशीच लिहितात. 'आणि मी बागेत गेलो आणि बाबा खजुरावर चढले आणि गाढव ओरडलं आणि मी पळालो आणि.' पान संपतं, पण 'आणि' संपत नाही. त्यात तिसरीपासून फ्रेंच सुरू होतं. ते डावीकडून, आपलं अरबी उजवीकडून. त्याचा स्वल्पविराम शेपूट खाली सोडून बसतो, आपला डोकं खाली करून शेपूट वर उचलतो. निम्मी पोरं अरबीत फ्रेंच स्वल्पविराम घालायची, आणि उरलेली घालायचीच नाहीत.

माझे वडील मशिदीत पोरांना कुराणपठण शिकवायचे. दम कुठे घ्यायचा ते आधी बघा, मग तोंड उघडा, असं ते सांगत. सप्टेंबरात शाळा उघडल्यावर मी तेच उचललं. श्रुतलेखनात विरामचिन्हं सांगायची नाहीत. सलग मजकूर सांगायचा, मग प्रत्येकाने आपली वही हळू आवाजात स्वतःशी वाचायची, आणि जिथे दम लागेल तिथे स्वल्पविराम द्यायचा. एकतीस पोरं एकदम पुटपुटायला लागली की वर्ग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमायचा. मला ते फार आवडायचं.

आमच्या शाळेत दोन बाजूंची पोरं येतात. खजुराच्या बागांकडची ती बागवाली, आणि कारखान्याच्या भिंतीला लागून कामगारांची जी घरं आहेत तिथली ती लाइनवाली. त्या वर्षी माझ्या वर्गात लाइनवाली आठ होती. कारखाना खाणीतल्या दगडापासून आम्ल काढतो, त्याचं खत होतं, ते जहाजं भरभरून जातं. वारा समुद्राकडून आला की धूर गावावर उतरतो. मग खिडक्या लावून घ्यायच्या आणि वर्गाच्या रोजनिशीत 'खिडक्या बंद' असं लिहायचं, एवढा आमचा बंदोबस्त. खिडक्यांच्या काचा दुधाळ झाल्यात. कितीही पुसा, निघत नाही, कारण डाग काचेवर नाही, काचच खाल्ली गेली आहे. डाळिंबांना फळ धरत नाही. यावर कुणी बोलत नाही. ज्या घरात कारखान्याचा पगार येत नाही असं घर आमच्या गावात शोधून सापडायचं नाही.

अहलाम लाइनवाली. नऊ वर्षांची, पहिल्या बाकावर, अंगात चुलतबहिणीचा ढगळ गुलाबी डगला, अक्षर असं की छापलंय वाटावं. बाप अम्मार आम्लाच्या टाक्यांवर रोजंदारीने जायचा. आई महरझिया एकेकाळी माझ्याच वर्गात होती, माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी. या पोरीची वही मी ऑक्टोबरात उघडली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहलाम, हे काय? कुस्कुसवर हरभरे टाकावेत तसे स्वल्पविराम टाकलेस!"

"बाई, दम लागला तिथे दिले."

"दर आठ शब्दांना दम लागतो? म्हातारी आहेस का गं तू?"

वर्ग हसला. मागून बशीर, बागवाल्यांचा म्होरक्या, ओरडला, "बाई, लाइनवाले सगळे म्हातारेच!"

"तू गप रे. तुझ्या वहीत दोन पानांत एक स्वल्पविराम आहे आणि तोही फ्रेंच." मग मी अहलामकडे वळले. "उभी राहा. पूर्णविरामापर्यंत एका दमात वाच."

ती उभी राहिली. वाक्य सतरा शब्दांचं होतं. शेवटच्या तीन शब्दांना नुसते ओठ हलले, आवाज आलाच नाही. तोंडाभोवती राखेच्या रंगाची कड उमटली. मग ती माझ्याकडे बघून हसली, काही सांडलं की पोरं हसतात तशी.

"सराव कर," मी म्हणाले.

"करते, बाई."

त्या पोरीने माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. दुसरं एखादं पोर असतं तर कंटाळलं असतं, विसरलं असतं, मला शिव्या घातल्या असत्या. तसं झालं असतं तर फार बरं झालं असतं.

डिसेंबरात, हिवाळ्याच्या सुट्टीआधी, मी सगळ्यांच्या वह्या तपासायला घरी नेल्या. दुपारची वेळ होती. सतरंजीवर वह्या पसरल्या आणि गुण द्यायला बसले. अहलामच्या वहीत ऑक्टोबरात आठ शब्दांनंतर स्वल्पविराम होता. नोव्हेंबरात सहानंतर. डिसेंबराच्या शेवटच्या श्रुतलेखनात चार शब्द, स्वल्पविराम, चार शब्द, स्वल्पविराम, पान संपेपर्यंत. मला आधी वाटलं, पोरगी खोडसाळपणा करते आहे. मग मी उरलेल्या सात लाइनवाल्यांच्या वह्या ओढल्या. कुणाचे दोन स्वल्पविरामांमधले शब्द नवावरून सातावर आले होते, कुणाचे दहावरून सहावर. बागवाल्यांच्या वह्यांत असलं काही नव्हतं. मी रोजनिशी काढली आणि तारखा लावून बघितल्या. ज्या दिवशी मीच माझ्या हाताने 'खिडक्या बंद' लिहिलं होतं, त्या दिवशीच्या पानांवर स्वल्पविराम मुंग्यांसारखे दाटले होते.

आठ पोरांनी तीन महिने रोज मला लेखी सांगितलं होतं, आणि मी त्याखाली लाल शाईने 'फार झाले' असं लिहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वह्यांचा गठ्ठा घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. सी लखदर, म्हणजे आमचे लखदरसाहेब, हा गोड माणूस. सगळ्यांशी गोड. कॉफी मागवली, वह्या चाळल्या, माझे आकडे ऐकून घेतले.

"दलांदा बाई, तुम्ही मास्तरीण की डॉक्टरीण?"

"मला मोजता येतं. चारपर्यंत तर नक्कीच येतं."

"अहो, थंडी आहे. पोरं खोकणारच. माझीसुद्धा खोकतात."

"तुमची पोरं मावशीकडे राहून लांब स्फाक्स शहरात शिकतात, सी लखदर."

तो हसला. राग नाही आला त्याला. मला त्याच्या न रागावण्याचीच भीती वाटली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ, बाई. तुमच्या डोक्यावरचं हे छप्पर कुणी घातलं? पोरांचं दूध कुठून येतं? या पोरीचा बाप सकाळी डबा घेऊन कुठे जातो?" मग खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून म्हणाला, "आणि खरं सांगू का? चूक तुमचीच आहे. स्वल्पविराम श्वासाचा असतो हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? तो अर्थाचा असतो. वस्तूंची नावं ओळीने आली की त्यांच्यामध्ये. वाक्याला वाक्य लागलं की मध्ये. हा तुमचा दमाचा नियम मुनसिफनी ऐकला ना, तर अकराचे नऊ करतील."

तो बरोबर होता. हेच तर वाईट होतं. माझे कान तापले. आले होते पोरांसाठी भांडायला, आणि उभी होते स्वतःची चूक पकडली गेलेल्या विद्यार्थिनीसारखी.

"वह्या राहू द्या इथेच," तो म्हणाला. "सत्र संपलं की नाहीतरी माझ्याच कपाटात यायच्या असतात."

मी ठेवल्या.

जानेवारीत नियमाने शिकवायला सुरुवात केली. 'आईने बाजारातून टोमॅटो, मिरच्या, मासे, लिंबं आणली.' 'पाऊस थांबला, तेव्हा आम्ही बाहेर पडलो.' पोरांनी सहा आठवड्यांत ते उचललं. बशीरसुद्धा डोकं खाली, शेपूट वर असा नीट स्वल्पविराम काढायला लागला. लाइनवाल्यांच्या वह्या बागवाल्यांच्या वह्यांसारख्याच दिसू लागल्या. आता कुणी पुटपुटत नव्हतं. नियमाने स्वल्पविराम द्यायला श्वास लागत नाही, त्यामुळे वर्ग अगदी शांत असायचा. आणि मला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही. वह्या स्वच्छ झाल्या तशी माझी भीतीही गेली, जणू पुसूनच टाकली.

सगळ्यांत चांगले स्वल्पविराम अहलामचे. पण मधल्या सुट्टीत ती पायरीवर बसून राहायची. दप्तर खांद्याला न लावता जमिनीवरून ओढत आणायची. उत्तर येत असलं की हात वर करायची, मी नाव घेतलं की उभी राहायची, दोन शब्द बोलायची, थांबायची, आणि सगळ्यांना वाटावं की ती आठवते आहे अशा बेताने वर छताकडे बघायची. फसवायला शिकली होती. मीही फसायला तयारच होते.

फेब्रुवारीत ती सलग चार दिवस आली नाही. तेव्हा मात्र मला राहवेना. मनातला जळफळाट एका पत्रात ओतला. सगळे आकडे, सगळ्या तारखा, आठही नावं लिहिली आणि पत्र प्रांताच्या आरोग्य कचेरीला टपालाने पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइनीत गेले.

महरझियाने दारातच माझ्या हाताचं चुंबन घेतलं, चहा टाकला, ताव्यावरची गरम भाकरी आणि ऑलिव्हचं तेल पुढे ठेवलं. आतल्या खोलीत अहलाम तीन उशांना टेकून झोपली होती. नुसता आवाज ऐकू येत होता. फाटक्या भात्याने चूल फुंकावी तसा.

"कधीपासून असं आहे गं?"

"तुम्ही तिच्या वह्या बघता, बाई. मी तिची पाठ बघते. न्हाऊ घालताना. श्वास घेतला की फासळ्यांमध्ये खड्डे पडतात. मागच्या हिवाळ्यापासून."

"आणि तू गप्प?"

"कारखान्याच्या दवाखान्यातून औषध मिळतं. गोड असतं, तिला आवडतं."

"महरझिया, मूर्ख नव्हतीस तू माझ्या वर्गात."

तिने पेला खाली ठेवला. "नाहीच मूर्ख. म्हणून तर सांगते, ऐका. ह्यांचं नाव कायम करायच्या यादीत आलंय. मेमध्ये सही होणार. कायम माणसाच्या पोराबाळांना राजधानीत मोठ्या इस्पितळात नेता येतं, सगळं कारखान्याकडून. सही झाली की त्याच आठवड्यात मी हिला गाडीत घालते. पिशवी भरून ठेवलीय, बघा, ती काय दाराशी. फक्त मेपर्यंत, बाई. मेपर्यंत कुणी तोंड उघडू नका. एका शब्दाने ह्यांचं नाव यादीतून जाईल, आणि मग रोजंदारीच्या माणसाच्या पोरीला कोण विचारतो? पोटावर नाही, तिच्या छातीवर पाय पडेल."

पत्र टपालात पडून एक दिवस झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तिला सांगितलं नाही. "बरं," म्हणाले आणि भाकरीचा तुकडा तेलात बुडवला.

मार्च महिना उत्तर न येताच गेला. अहलाम पुन्हा शाळेत यायला लागली होती, आधीपेक्षा हलकी, डगला आणखी मोठा झाल्यासारखी. शाळेच्या दाराशी भाजलेल्या बिया विकणारा एक म्हातारा बसतो. आमच्या जुन्या वह्या दर उन्हाळ्यात त्याच्याकडे जातात, तो त्यांच्या पुड्या करतो. पोरं आपलंच श्रुतलेखन हातात धरून बिया खातात आणि एकमेकांच्या चुका वाचून हसतात. त्या वर्षी मार्चमध्येच एका पोराच्या हातात मला चौथीची पुडी दिसली. त्यावर माझी लाल शाई होती, 'फार झाले.' मी म्हाताऱ्याकडे धावले. तो म्हणाला, "सी लखदरनी स्वतः पाठवला गठ्ठा. कपाटाला वाळवी लागली म्हणे." निम्म्याहून जास्त कागद विकला गेला होता. उरलेल्यात डिसेंबराचं एकही पान नव्हतं.

तेव्हा मला कळलं की माझं पत्र पोहोचलं आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात इन्स्पेक्टर मुनसिफ आले. एकटे नव्हते. मागे सी लखदर होता, आणि त्याच्या मागे पांढऱ्या सदऱ्यातला, हातात फाइल घेतलेला एक तरुण माणूस. "कारखान्याच्या दवाखान्याचे डॉक्टर," सी लखदरने ओळख करून दिली. "आरोग्य कचेरीने तुमचं पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी यांच्याकडे पाठवलंय. म्हटलं, दोन्ही कामं एकदमच उरकू. बाईंचा वेळही वाचेल."

पोरं उभी राहिली, बसली. डॉक्टरने फाइल उघडली, माझं पत्र वर काढलं, यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि अहलामची वही मागितली.

तिने वही दिली. त्याने पानं उलटली. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. सगळे स्वल्पविराम आपापल्या जागी.

"हिला दर चार शब्दांना दम लागतो, असं लिहिलंय तुम्ही."

"या नाही, आधीच्या वह्यांत."

"त्या कुठे आहेत?"

"वाळवी लागली हो," सी लखदर म्हणाला. त्याला खरोखर वाईट वाटलेलं दिसत होतं.

मुनसिफनी वही डॉक्टरच्या हातून घेतली. त्यांना या भानगडीत रस नव्हता. ते स्वल्पविराम बघत होते आणि त्यांच्या भुवया वर चढत होत्या. "गेल्या वर्षी हाच वर्ग होता का? कमाल आहे. पोरी, वाच बघू हे. मोठ्याने."

अहलामने वही परत घेतली, बाकावर उघडी ठेवली आणि ती उभी राहिली. तो परिच्छेद तिने पाठ केला होता, हे मला तिच्या पहिल्याच शब्दाला कळलं. घरी किती वेळा वाचलं असेल कुणास ठाऊक. 'सराव कर' असं मी सांगितलं होतं ना. तिने बाकाची कड दोन्ही हातांनी धरली, खांदे कानांपर्यंत उचलले, आणि छाती भरून घेऊन सुरुवात केली. दहा शब्द, स्वल्पविराम. थांबली. पुन्हा खांदे वर. बारा शब्द, स्वल्पविराम. कुठे घाई नाही, कुठे तुटलं नाही. नऊ शब्द, पूर्णविराम. मी पहिल्या बाकासमोरच उभी होते. तिच्या मानेवरची शीर दोरीसारखी फुगली होती आणि बाकावरच्या बोटांची नखं निळी झाली होती. दारात उभ्या असलेल्या त्या तिघांना मात्र फक्त आवाज ऐकू येत होता, आणि आवाज सुरेख होता.

"वा!" मुनसिफ म्हणाले. "याला म्हणतात वाचन. डॉक्टरसाहेब, दमेकरी असं वाचतो का?"

डॉक्टरने टोपण काढून पेन कागदावर टेकवलं होतं, पण अजून लिहिलं नव्हतं. तो अहलामकडे बघत होता. तरुण होता, नवा होता, त्याला काहीतरी खटकलं असावं. मला आजही वाटतं, त्याला खटकलं होतं.

"पुढचा परिच्छेद वाच," मुनसिफ म्हणाले.

अहलामने माझ्याकडे पाहिलं.

पुढचा परिच्छेद तिने पाठ केलेला नव्हता. त्यात आणखी तीन शब्द वाचले असते तर वर्गातल्या सगळ्यांनी ऐकलं असतं, मी सतरंजीवर बसून जे डोळ्यांनी वाचलं होतं ते. वाळवी लागो नाहीतर आग लागो, कानांनी ऐकलेलं कुणी विकू शकलं नसतं. डॉक्टरला लिहावंच लागलं असतं. त्याच दिवशी तिला इस्पितळात न्यावंच लागलं असतं. मला फक्त गप्प उभं राहायचं होतं.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं, असं मला पुढे पुष्कळदा विचारलं गेलं, मीच विचारलं बहुतेक वेळा. मी सांगते, अम्मारची सही दोन आठवड्यांवर होती. मी सांगते, सगळ्यांसमोर पोरीची फजिती झाली असती. दोन्ही खरं आहे. पण मुनसिफ तेव्हा माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि त्या बघण्याची मी एक वर्ष वाट पाहिली होती. हे तिसरं मी कुणाला सांगत नाही.

"साहेब, बाकीच्यांनाही संधी द्या की," मी म्हणाले. "बस, अहलाम. छान वाचलंस, बाळ. बशीर, तू वाच."

ती बसली. बशीर उठला आणि एका दमात चार ओळी वाचून मोकळा झाला. डॉक्टरने कागदावर दोन शब्द लिहिले आणि पेनाला टोपण लावलं. जाताना सी लखदरने तो कागद मला दाखवला. 'तक्रार निराधार.' मुनसिफनी मला सोळा गुण दिले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वारा समुद्राकडून सुटला आणि थांबलाच नाही. मंगळवारी मी रोजनिशीत लिहिलं, 'खिडक्या बंद.' बुधवारीही तेच. गुरुवारी लिहिलं तेव्हा पहिला बाक रिकामा होता. त्याच गुरुवारी दुपारी अम्मारच्या कागदावर सही झाली. शुक्रवारी त्यांनी इस्पितळाची चिठ्ठी मिळवली. शनिवारी सकाळी महरझियाने दाराशी ठेवलेली पिशवी उचलली, पोरीला चादरीत गुंडाळलं आणि ती भाड्याच्या गाडीत बसली. राजधानी सहा तासांवर आहे. दोन तास झाले असतील नसतील, गाडी परत फिरली.

तिसऱ्या दिवशी मी गेले. न जाऊन कसं चालेल? लाइनीतलं घर बायांनी भरलं होतं. बाहेर पुरुषांच्या पंगतीला कुस्कुस वाढत होते. कारखान्याने दोन मेंढे पाठवले होते, कायम कामगाराच्या घरच्या दुःखाला पाठवतात तसे. मला पाहून बायांनी वाट करून दिली. मला वाटलं होतं महरझिया माझ्या तोंडावर थुंकेल. मी तयार होते. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेले होते.

तिने माझे दोन्ही हात धरून मला आपल्याशेजारी बसवलं.

"बाई, इन्स्पेक्टर आले होते ना, त्या दिवशी ती घरी आली ती हसत. किती दिवसांनी हसली असेल! म्हणाली, आई, मला पुढचं वाचता येणारच नव्हतं, एक शब्दसुद्धा नाही. सगळ्यांसमोर माझं हसं झालं असतं, आणि बाबांचं नावही गेलं असतं. पण बाईंना कळलं. मी नुसतं बघितलं आणि बाईंना कळलं. त्यांनी मला सांभाळून घेतलं." तिचा आवाज घोगरा झाला होता, पण डोळे कोरडे होते. "झोपेपर्यंत तेच तेच सांगत होती. तेवढा एक दिवस माझी पोरगी सुखात होती, बाई. तो तुमच्यामुळे. अल्ला तुमचं भलं करो."

मी बोलायला तोंड उघडलं. समोर लाइनीतल्या बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यात माझ्या वर्गातल्या उरलेल्या सात पोरांच्या आया होत्या. सातहीजणी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं माहीत होतं. त्याही न्हाऊ घालताना आपापल्या पोरांच्या पाठी बघत होत्या. खिडक्या लावलेल्या होत्या आणि आत गरम होत होतं. त्यांच्यातली एक पुढे सरकली आणि तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आमच्या पोरांनाही असंच सांभाळून घ्या, बाई," ती म्हणाली. "ह्यांचंही नाव यादीत आलंय."

मी हो म्हणाले.